बेंगळुरूच्या वाहतुकीतले वंगण

मोटारीच्या इंजिनात कोणते तेल घालावे, हा प्रश्न भारतात बहुधा हवामानाचा प्रश्न म्हणून सोडवला जातो. देश उष्ण, म्हणून तेल दाट, एवढ्या ढोबळ नियमावर अनेक गॅरेजे आणि त्याहून अधिक गाडीमालक आजही समाधान मानतात. या नियमाची परीक्षा घ्यायला बेंगळुरू हे मोठे सोयीचे शहर आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर वसलेल्या या शहरात नोंदले गेलेले सर्वांत कमी तापमान ७.८ अंश सेल्सिअस आहे आणि तेही जानेवारी १८८४ मधले, तर २४ एप्रिल २०१६ रोजी पारा ३९.२ अंशांवर गेला तेव्हा शहराने त्या दिवसाची विक्रम म्हणून नोंद केली. विदर्भातल्या वाचकाला हा आकडा उन्हाळ्यातला बरा दिवस वाटेल. थोडक्यात, येथील हवा इंजिन ऑइलला फारसा त्रास देत नाही. त्रास देते ती वाहतूक.

जगभरातील शहरांच्या वाहतुकीचा वेग मोजणाऱ्या ‘टॉमटॉम’ या डच कंपनीच्या २०२४ सालच्या निर्देशांकानुसार बेंगळुरूत दहा किलोमीटर अंतर कापायला सरासरी ३४ मिनिटे १० सेकंद लागली, आणि त्याच यादीत लगेच खाली असलेल्या पुण्यात ३३ मिनिटे २२ सेकंद. म्हणजे बेंगळुरूचा सरासरी वेग ताशी साधारण साडेसतरा किलोमीटर पडतो. या वेगाने गाडीचे १०,००० किलोमीटर पूर्ण व्हायला इंजिन सुमारे ५७० तास चालावे लागते. तीच गाडी पुणे–बेंगळुरू महामार्गावर सरासरी ताशी ६० किलोमीटरने धावली, तर तेवढेच अंतर १६७ तासांत सरते. ऑइल बदलण्याची मुदत मात्र दोन्ही गाड्यांना किलोमीटरमध्येच सांगितलेली असते. रिक्षाचे मीटर निदान थांबलेल्या वेळेचेही पैसे मोजते; मोटारीच्या ओडोमीटरला सिल्क बोर्डच्या चौकात गेलेला अर्धा तास झालाच नाही असे वाटते.

येथे एक आक्षेप रास्त आहे. सिग्नलला उभ्या असलेल्या इंजिनावर भार नसतो, त्याचे फेरे मिनिटाला सातशे-आठशेच्या आसपास असतात, आणि महामार्गावर ते दोन-अडीच हजार असू शकतात. तेव्हा थांबलेला एक तास आणि धावलेला एक तास यांना सारखे लेखणे बरोबर नाही. परंतु झीज केवळ फेऱ्यांनी होत नाही. इंधन जळताना निर्माण होणारे काही वायू पिस्टनच्या कड्यांच्या फटीतून खाली उतरतात आणि त्यांच्याबरोबर पाण्याची वाफ, काजळी, आम्ले व न जळलेले थोडे इंधनही तेलात मिसळते. महामार्गावर तेल शंभर अंशांच्या आसपास सतत तापलेले राहते, त्यामुळे पाणी आणि इंधन उडून जातात. जयनगरातून कोरमंगलापर्यंतच्या चार किलोमीटरच्या फेरीत रेडिएटरमधले पाणी तापते, पण तेल तेवढे तापण्याआधीच गाडी बंद होते आणि ही घाण आतच राहते. उलट दुपारच्या कोंडीत गाडी तासभर अडकली, तर समोरून येणारा वारा नसल्याने इंजिनाच्या डब्यातली उष्णता साचते आणि टर्बोचार्जर असलेल्या गाडीत ती तेलालाच सोसावी लागते. एकाच शहरात, कधीकधी एकाच दिवसात, तेल कमी तापण्याचे आणि जास्त तापण्याचे असे दोन्ही दोष भोगते. मोटार कंपन्यांच्या पुस्तिकांमध्ये या प्रकारच्या वापराला ‘खडतर’ म्हटलेले असते आणि त्यासाठी वेगळे, बहुधा निम्म्या मुदतीचे वेळापत्रक दिलेले असते. ते पान फारसे कोणी उघडत नाही, कारण आपण रोज ऑफिसला जातो-येतो याला खडतर वापर म्हणतात, हे सहसा कोणाच्या मनात येत नाही.

तेलाचे काम नेमके काय, हे पाहिल्याशिवाय डब्यावरच्या आकड्यांचा अर्थ लागत नाही. क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनच्या खालीवर हालचालीचे फिरण्यात रूपांतर करणारा दांडा, आपल्या बेअरिंगमध्ये फिरतो तेव्हा धातूला धातू लागत नाही. मध्ये तेलाचा काही सहस्रांश मिलिमीटर जाडीचा पापुद्रा असतो आणि सारा भार तोच पेलतो. हा पापुद्रा टिकणे तेलाच्या श्यानतेवर, म्हणजे वाहण्याला होणाऱ्या आतल्या विरोधावर, आणि फिरण्याच्या वेगावर अवलंबून असते. गाडी सुरू होताना किंवा पिस्टन वर-खाली दिशा बदलतो त्या क्षणी वेग अपुरा पडतो, पापुद्रा फाटतो, आणि तेथे जस्त व फॉस्फरस असलेली झिंक डायअल्किलडायथायोफॉस्फेट नावाची रसायने धातूच्या पृष्ठभागावर एक संरक्षक थर तयार करून झीज रोखतात. याशिवाय तेलात काजळीचे कण एकत्र जमू न देणारी द्रव्ये असतात, आम्ल शमवणारी कॅल्शियम व मॅग्नेशियमची संयुगे असतात, फेस मोडणारी सिलिकॉनची किंचित मात्रा असते आणि तापल्यावर तेल फार पातळ होऊ नये म्हणून लांब साखळीचे बहुवारिकही असतात. घर्षण, झीज आणि वंगण यांच्या या शास्त्राला ट्रायबॉलॉजी हे नाव १९६६ साली ब्रिटनमध्ये पीटर जोस्ट यांच्या समितीच्या अहवालाने मिळवून दिले. बेंगळुरूत भारतीय विज्ञान संस्थेच्या यंत्र अभियांत्रिकी विभागात या विषयावर दीर्घकाळ संशोधन होत आले आहे.

डब्यावर ठळक छापलेले ‘५डब्ल्यू-३०’ किंवा ‘२०डब्ल्यू-५०’ हे आकडे अमेरिकेतील सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्स या संस्थेच्या ‘जे३००’ या मानकातून आलेले आहेत, आणि त्यांच्याविषयी जेवढे गैरसमज आहेत तेवढे क्वचितच दुसऱ्या कशाविषयी असतील. डब्ल्यू हे अक्षर हिवाळ्याचे आहे आणि त्याच्या आधीचा आकडा गोठवणाऱ्या थंडीतले वर्तन सांगतो. ५डब्ल्यू तेलाने उणे ३० अंशांवर इंजिन फिरू द्यावे अशी अट असते. ०डब्ल्यूसाठी ती उणे ३५ अंशांची, १५डब्ल्यूसाठी उणे २० अंशांची आणि २०डब्ल्यूसाठी उणे १५ अंशांची आहे. बेंगळुरूत यांतली एकही अट कधी लागू होत नाही. तरीही पहिला आकडा अगदीच निरर्थक ठरत नाही, कारण लहान आकड्याची तेले सहसा अधिक शुद्ध मूळ तेलापासून बनवावी लागतात, आणि सकाळी इंजिन सुरू होताना ती वरच्या कॅमशाफ्टपर्यंत लवकर पोचतात. नेहमीच्या ०डब्ल्यू-२० तेलाची श्यानता ४० अंशांवर चाळीस-पंचेचाळीस सेंटिस्टोकच्या घरात असते, तर २०डब्ल्यू-५० तेलाची दीडशेच्या पुढे. डिसेंबरच्या पहाटे १५-१६ अंशांवर ही दरी आणखी रुंदावते.

दुसरा आकडा तापलेल्या इंजिनाचा. शंभर अंशांवर २० ग्रेडच्या तेलाची श्यानता ६.९ ते ९.३ सेंटिस्टोक, ३० ग्रेडची ९.३ ते १२.५, ४० ग्रेडची १२.५ ते १६.३ आणि ५० ग्रेडची १६.३ ते २१.९ असावी लागते. याहून महत्त्वाची, पण डब्यावर कधीच न छापलेली, आणखी एक अट आहे: १५० अंश तापमानाला, बेअरिंगमध्ये होते तशी जोरदार घसट सोसताना तेलाची श्यानता किती उरते ती. ३० ग्रेडसाठी ही किमान मर्यादा २.९ मिलिपास्कल-सेकंद, २० साठी २.६ आणि २०१३ साली मानकात दाखल झालेल्या १६ ग्रेडसाठी २.३ आहे. पापुद्र्याची खरी जाडी या आकड्यावरून ठरते, म्हणून जाणकार मेकॅनिक तेलाच्या माहितीपत्रकात आधी हाच रकाना शोधतो.

दाट तेलावरचा भारतीयांचा विश्वास निराधार नव्हता, हे मात्र मान्य केले पाहिजे. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४० साली म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने बेंगळुरूत हिंदुस्तान एअरक्राफ्ट हा विमानांचा कारखाना सुरू केला आणि १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली प्रीमियर पद्मिनी आणि बंगालमधील हिंदुस्तान मोटर्सची अ‍ॅम्बेसेडर या दोन गाड्यांवर देशातील मेकॅनिकांच्या काही पिढ्या शिकल्या. त्या इंजिनांच्या घडणीत मोकळीक अधिक होती, तेल पिण्याची सवय होती, आणि २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० तेलाने खडखड कमी होते, धूर कमी होतो, हा अनुभव खोटा नव्हता. बेंगळुरूच्या जे. सी. रोडवरील सुट्या भागांच्या दुकानांत आणि शिवाजीनगरच्या जुन्या भागांच्या बाजारात हा अनुभव अजून जिवंत आहे. चूक अनुभवात नाही. बदलले आहे ते इंजिन. आजच्या इंजिनात व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलणारी यंत्रणा तेलाच्याच दाबावर चालते, तिच्या वाहिन्या अरुंद असतात, आणि ठरल्यापेक्षा दाट तेल तेथे उशिरा पोचते; शिवाय पंपाला जास्त शक्ती लागते व इंधन वाया जाते.

याउलट ०डब्ल्यू-१६ सारख्या पातळ तेलाविषयी गाडीमालकांच्या मनात शंका असतात. मारुती सुझुकीच्या अलीकडच्या अनेक पेट्रोल इंजिनांसाठी हीच ग्रेड सांगितलेली आहे आणि जपानी बनावटीच्या हायब्रिड गाड्यांचा कलही तिकडेच आहे. बेंगळुरूजवळ बिडदी येथे १९९९ च्या अखेरीपासून गाड्या बनवणाऱ्या टोयोटा किर्लोस्कर मोटरमध्ये बेळगावातील सायकलच्या दुकानापासून सुरू झालेल्या मराठी उद्योगघराण्याचे नाव आहे, आणि या कारखान्यातून निघालेल्या क्वालिसपासून आजच्या हायब्रिड इनोव्हा हायक्रॉसपर्यंतचा प्रवास म्हणजे डिझेलच्या दाट तेलाकडून पेट्रोलच्या पातळ तेलाकडे झालेल्या स्थित्यंतराचाच आलेख आहे. पातळ तेलामागे दोन प्रेरणा आहेत. एक यांत्रिक: बेअरिंगची घडण आणि पृष्ठभागांची सफाई इतकी सुधारली की कमी जाडीचा पापुद्राही पुरतो. दुसरी कायद्याची: भारतात कंपनीच्या सर्व मोटारींच्या सरासरी कार्बन उत्सर्जनावर २०१७ पासून किलोमीटरमागे सुमारे १३० ग्रॅमची आणि २०२२ पासून सुमारे ११३ ग्रॅमची मर्यादा आली, आणि पातळ तेलाने वाचणारे इंधन थोडे असले तरी ते लाखो गाड्यांत मोजले जाते. म्हणून पातळ तेल हा कंपनीने ग्राहकाविरुद्ध रचलेला डाव समजणे भाबडेपणाचे आहे. मात्र कंपनीचे हित आणि पंधरा वर्षे गाडी ठेवू इच्छिणाऱ्या मालकाचे हित तंतोतंत एकच असते, असे समजणेही तितकेच भाबडे. पुस्तिकेत एकाहून अधिक ग्रेड दिलेल्या असतील आणि गाडी जुनी, भार जास्त, लांबचे घाट नेहमीचे असतील, तर त्यांतली दाट ग्रेड निवडायला हरकत नाही. पुस्तिकेच्या बाहेर जाण्याचे मात्र काही कारण उरत नाही.

ग्रेड एवढी चर्चा खेचून घेते की दर्जाच्या चिन्हाकडे दुर्लक्ष होते, आणि प्रत्यक्षात निवड चुकते ती तेथेच. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट पेट्रोल इंजिनांच्या तेलाला ‘एस’ने सुरू होणारा दर्जा देते; २०१० चा एसएन, २०२० चा एसपी आणि २०२५ चा एसक्यू हे अलीकडचे टप्पे आहेत, आणि नवा दर्जा सहसा जुन्याची जागा घेऊ शकतो. एसपी दर्जाचे महत्त्व लहान टर्बो पेट्रोल इंजिनांत विशेष आहे. अशा इंजिनांत कमी फेऱ्यांवर अचानक जोर मागितला, म्हणजे नेमके बेंगळुरूच्या उड्डाणपुलाच्या चढावर घडते तसे, तर ठिणगी पडण्यापूर्वीच मिश्रण पेट घेण्याची आणि पिस्टन फुटण्याची शक्यता असते. तेलातले कॅल्शियम या अकाली ज्वलनाला हातभार लावते असे आढळल्याने त्यातले काही मॅग्नेशियमने बदलून हा दर्जा घडवला गेला. टर्बो गाडीत जुन्या दर्जाचे ‘तेवढ्याच ग्रेडचे’ स्वस्त तेल घालणे, ही म्हणूनच ग्रेड चुकण्याहून मोठी चूक ठरते.

डिझेलची गोष्ट आणखी नाजूक आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६ मानके लागू झाली, इंधनातील गंधकाचे प्रमाण दशलक्षांत ५० भागांवरून १० भागांवर आले आणि डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी, म्हणजे डीपीएफ, आली. तेल थोडे थोडे जळतच असते. त्यातील धातूंची राख या गाळणीत साचते आणि काजळीप्रमाणे ती जाळून टाकता येत नाही. म्हणून अशा गाड्यांना कमी राखेचे तेल लागते: युरोपीय उत्पादकांच्या ‘एसीईए’ या संघटनेच्या सी३ वर्गात राखेची कमाल मर्यादा ०.८ टक्के आहे, तर जुन्या ए३/बी४ वर्गातील तेलात ती जवळपास दुप्पट असू शकते. दोन्ही डब्यांवर ५डब्ल्यू-३० किंवा ५डब्ल्यू-४० असेच लिहिलेले असते. शहराच्या कोंडीत आणखी एक विघ्न येते. गाळणीतली काजळी जाळण्यासाठी इंजिन जादा डिझेल फवारते आणि त्यासाठी गाडी काही काळ सलग वेगाने धावणे आवश्यक असते. मराठहळ्ळीच्या रांगेत ही प्रक्रिया अर्धवट तुटली की न जळलेले डिझेल तळाच्या भांड्यात, ज्याला गॅरेजमध्ये ‘चेंबर’ म्हणतात, उतरते. डिपस्टिकवर तेलाची पातळी घटण्याऐवजी वाढलेली दिसते आणि मालकाला बरे वाटते. वस्तुतः ते तेल पातळ झालेले असते आणि तत्काळ बदलायला हवे असते.

पेट्रोलच्या बाबतीतला नवा बदलही बेंगळुरूतच जाहीर झाला. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी येथे भरलेल्या इंडिया एनर्जी वीकमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलच्या विक्रीला सुरुवात झाली. उसाच्या पट्ट्यातील मराठी वाचकाला इथेनॉलचे अर्थकारण सांगायला नको. इंजिन ऑइलच्या दृष्टीने मुद्दा असा की इथेनॉल पाणी ओढून घेते, आणि छोट्या फेऱ्यांत न तापलेल्या तेलात पाणी व इथेनॉल एकत्र आले की दुधाळ मिश्रण तयार होऊन वंगणाची क्षमता घटते. ऑइल भरण्याच्या झाकणाच्या आत पिवळसर साय जमलेली दिसली, तर गाडी आठवड्यातून एकदा तुमकुरू रस्त्यावर किंवा म्हैसूर महामार्गावर अर्धा-पाऊण तास सलग चालवणे हा महागड्या तेलाहून चांगला उपाय आहे.

महागड्या तेलाविषयी एक खुलासा आवश्यक ठरतो. मूळ तेलांचे पाच गट असतात. पहिले दोन खनिज तेल कमी-अधिक शुद्ध करून मिळतात, तिसरा गट हायड्रोजनच्या अधिक तीव्र प्रक्रियेने रेणूंची रचनाच बदलून मिळतो, चौथा पूर्णपणे रासायनिक संश्लेषणाने आणि पाचव्यात एस्टरसारखी उरलेली सर्व येतात. अमेरिकेत १९९९ साली मोबिल आणि कॅस्ट्रॉल यांच्यातील जाहिरातीच्या वादात तिसऱ्या गटालाही ‘सिंथेटिक’ म्हणण्यास हरकत नसल्याचा निर्णय झाला आणि तेव्हापासून डब्यावरील ‘फुल्ली सिंथेटिक’ हे शब्द रसायनशास्त्राहून विक्रीशास्त्राचे अधिक झाले. यात ग्राहकाचे फार नुकसान झाले असे नाही, कारण तिसऱ्या गटाची तेले उत्तमच आहेत. परंतु ‘सिंथेटिक आहे, वीस हजार किलोमीटर चालेल’ हे दुकानातील आश्वासन बेंगळुरूच्या ताशी साडेसतरा किलोमीटरच्या हिशेबात अकराशेहून अधिक तासांचे होते, आणि आम्ल शमवणारा साठा तेवढा टिकेल याची हमी कोणत्याही डब्यावर छापलेली नसते. जनरल मोटर्सने १९८० च्या दशकाच्या अखेरीस इंजिनाचे फेरे आणि तेलाचे तापमान मोजून उरलेले आयुष्य सांगणारी प्रणाली गाड्यांत बसवली होती. भारतातल्या बहुसंख्य गाड्यांना आजही केवळ किलोमीटर आणि महिने कळतात. म्हणून शहरातच फिरणाऱ्या गाडीसाठी पुस्तिकेतील योग्य दर्जाचे मध्यम किमतीचे तेल पाच-सहा हजार किलोमीटरला किंवा सहा महिन्यांनी बदलणे, हे सर्वांत महाग तेल वर्षभर ओढण्यापेक्षा शहाणपणाचे आहे. महिन्यातून एकदा, सपाट जागी, इंजिन बंद करून काही मिनिटांनी डिपस्टिक पाहिली तर निम्मे आजार वेळेत कळतात.

बनावट तेल हा या व्यवहारातला जुना रोग आहे. नामांकित कंपनीचे रिकामे डबे भंगारातून परत बाजारात येतात, त्यांत गाळलेले जुने तेल भरले जाते आणि ग्रेड, दर्जा, रंग सर्व काही छापल्याप्रमाणे दिसते. कंपन्यांनी झाकणाखाली खरवडण्याचे संकेतांक आणि क्यूआर कोड आणले आहेत, ते तपासावेत. पण सर्वांत साधा उपाय म्हणजे ऑइल बदलताना स्वतः उभे राहून रिकाम्या डब्याला तेथेच भोक पाडायला लावणे.

राहिले ते इंजिनातून निघालेले काळे तेल, प्रत्येक लहान गाडीमागे तीन-चार लिटर. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या अंदाजानुसार एक गॅलन वापरलेले तेल दहा लाख गॅलन पाणी बिघडवू शकते, आणि बेंगळुरूच्या तलावांना जोडणारे नाले गॅरेजांच्या गल्ल्यांमागूनच वाहतात. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार असे तेल केवळ अधिकृत पुनर्शुद्धीकरण केंद्राकडे जायला हवे, आणि एप्रिल २०२४ पासून तेल उत्पादकांवर आपल्या विक्रीच्या प्रमाणात वापरलेल्या तेलाच्या पुनर्वापराची वाढत जाणारी जबाबदारीही आली आहे. प्रत्यक्षात त्याला दोन तगडी गिऱ्हाइके बाहेरच भेटतात: भट्ट्यांमध्ये जळण म्हणून ते स्वस्त पडते, आणि बांधकामावर काँक्रीट साच्याला चिकटू नये म्हणून फळ्यांना फासायला ते सोयीचे असते. अधिकृत संकलकाहून या दोघांनी लिटरमागे जास्त भाव दिला, तर गॅरेजवाल्याने तेल संकलकालाच द्यावे यासाठी त्याच्याजवळ आज फारसे कारण नाही.